जिनिंगच्या घसरगुंडीवरची पाटी

देवगाव फाट्याजवळच्या एका जिनिंग मालकाने मला फसवले. पैसे त्याने ठरल्याप्रमाणे दिले, ते मी कबूल करतो. पण मी केलेल्या यंत्रावर माझ्या नावाची पितळी पाटी लागेल असे कामावरच्या बायकांसमोर ठरले होते, आणि पाटी लागली ती त्याच्या जावयाच्या नावाची. ही हकीकत मी चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत इतक्या वेळा सांगितली आहे की मी तोंड उघडले की माझी बायको उठून आत जाते. म्हणून आता लिहूनच काढतो. वाचता वाचता कोण उठून गेले ते निदान मला दिसणार नाही.

तेव्हा परभणीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. मूळचा मी पिंगळीचा. सातवीत गणितात नापास झालो आणि पुन्हा शाळेचे तोंड पाहिले नाही. वडील बैलबाजारात दलाली करायचे, घासाघीस मी त्यांच्याकडून शिकलो. रेडिओ शिकलो ते एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे. तो चूक झाली की काही बोलायचा नाही, नुसता चष्मा काढून पुसत बसायचा. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या. कोणी मला इंजिनिअर म्हटले नाही, मिस्त्रीसुद्धा म्हटले नाही. सगळे म्हणत, "ए रेडिओवाले." दुकानावर पाटी होती, पण ती एका बॅटरी कंपनीने फुकट रंगवून दिलेली. तिच्यावर कंपनीचे नाव हातभर आणि माझे बोटभर.

एका उन्हाळ्यात हा मालक माझ्याकडे एक अँप्लिफायर घेऊन आला. अँप्लिफायर कसला, वितळलेला गोळा होता.

"हे दुरुस्त होतं का बगा."

"मालक, हे चितेतून काढून आणलं का?"

मग त्याने सांगितले. त्या हंगामात त्याचे जिनिंग दोनदा पेटले होते आणि अँप्लिफायर त्यातच सापडला होता. शेतकऱ्याच्या गाडीतून येणाऱ्या कापसात काय नसते? खिळा असतो, बैलाच्या नालाचा तुकडा असतो, विळ्याचे मोडके टोक असते. ते कापसाबरोबर गिनमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, गेले की आतल्या पात्यावर आपटते, ठिणगी उडते आणि कापूस तर ठिणगीची वाटच पाहत बसलेला असतो. दुसऱ्या आगीत कामावरच्या एका बाईचा हात कोपरापर्यंत भाजला होता.

मी म्हणालो, "कापसातलं लोखंड ओळखणारं यंत्र करून देतो."

असले यंत्र मी जन्मात केले नव्हते. पण एक गोष्ट मला पक्की माहीत होती. रेडिओ उघडा असताना आतल्या तारेच्या वेढ्यांजवळ, म्हणजे कॉइलजवळ, स्क्रू ड्रायव्हर नेला की लागलेले स्टेशन सरकते. म्हणजे कॉइलला लोखंडाची चाहूल लागते. मग कॉइल मोठी केली आणि तिच्या मधून कापूस सोडला, तर कापसातला खिळा कळणार नाही का? एवढ्या भांडवलावर मी शब्द देऊन बसलो.

सौदा करायला मी जिनिंगवर गेलो. मालक बोलताना मुठीत सरकीचे दाणे खेळवायचा. भाव ऐकला की दाणे थांबत, आपला आकडा सांगितला की पुन्हा फिरू लागत. मी म्हटले, असे जमणार नाही. खांद्यावरचा रुमाल काढला, त्याचा हात रुमालाखाली घेतला आणि बैलबाजारात करतात तसे बोटे दाबून आकडा ठरवला. तो आकडा आमच्या दोघांतच राहिला आणि इथेही सांगत नाही. तो मी मुद्दाम कमी धरला होता, कारण मला हवे होते ते वेगळेच.

रुमाल काढल्यावर मी मोठ्याने म्हणालो, "आणि यंत्रावर माझ्या नावाची पितळी पाटी. दारात उभं ऱ्हायलेल्या गाडीवानाला वाचता यील अशी."

मालक हसला. "पाटीचं काय घिऊन बसलात? लावू की. दिवाळीपासून आखितीपस्तोर यंत्रानं काम केलं, लोखंड आत जाऊ दिलं न्हाई, तर पाटी तुमची. पोखर्णीच्या नरसिंहाची आण."

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, येईतो हंगाम संपतो. तिथे कापसाच्या टोपल्या वाहणाऱ्या दहा-बारा बायका होत्या. त्यांची मुकादमीण, जिला सगळे आक्का म्हणत, कमरेवर हात ठेवून ऐकत होती. ती म्हणाली, "मालक, आमी ऐकलंय बरं का."

पावसाळाभर मी यंत्र जुळवले. जिनिंगमध्ये बायका कापूस वरच्या फळीवर नेऊन एका चौकोनी लाकडी घसरगुंडीत ओतत आणि तो घसरत गिनकडे जाई. त्या घसरगुंडीभोवती मी तांब्याच्या तारेचे वेढे घातले. ही झाली कॉइल. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारी वीज सोडली की कॉइलभोवती आणि आत चुंबकासारखा जोर तयार होतो, तोही तसाच उलटसुलट होणारा. त्या जोरात धातूचा तुकडा आला की तुकड्याच्या अंगात विजेचे छोटे छोटे भोवरे फिरू लागतात. भोवरे फुकट फिरत नाहीत, कॉइलच्या जोरातले थोडे खातात. मग कॉइलचा सूर बदलतो. शेजारी मी दुसरा एक स्थिर सूर ठेवला होता. दोन्हींत फरक पडला की रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, ओढला जाई आणि शाळेत असते तशी घंटी वाजे. घंटी वाजली की घसरगुंडीची फळी पाडायची, कापूस चाचपायचा, तुकडा काढायचा आणि पुढे चालायचे.

दुकानात यंत्र उत्तम चालले. मी घसरगुंडीच्या नमुन्यातून एक खिळा सोडला, घंटी वाजली. शेजारच्या पानवाल्याने अडकित्ता सोडला, घंटी वाजली. बायकोने नुसता कापूस सोडला, घंटी गप्प. त्या दिवशी मी दुकान बंद करून सगळ्यांना जिलेबी चारली.

दिवाळीनंतर यंत्र जिनिंगवर बसवले आणि पहिल्याच सकाळी घंटी जी वाजायला लागली ती थांबेचना. पहिली टोपली, घंटी. फळी पाडली, कापूस चाचपला, काही नाही. दुसरी टोपली, घंटी. काही नाही. मालकाच्या मुठीतले सरकीचे दाणे थांबले.

मी बारकाईने पाहिले. बाई टोपली घेऊन घसरगुंडीजवळ आली, वाकली, तिचा हात कॉइलजवळ आला की घंटी वाजत होती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हातात पाटल्या! पायात जोडवी! बायकांच्या अंगावरची चांदी यंत्र पकडतेय. मी मोठ्या ऐटीत हुकूम सोडला, "कामावर येताना अंगावरची चांदी काढून यायची. जोडवीसुद्धा."

आक्का टोपली खाली ठेवून माझ्यापुढे आली.

"काय म्हन्लास?"

"जोडवी काढा म्हणालो. यंत्र ओरडायलंय."

"माझा नवरा जित्ता हाय, आन् जोडवी काढू व्हय रे मुडद्या? तुज्या यंत्रासाठी?"

"आक्का, यंत्राला नवरा-बायको कळत न्हाई. चांदी कळती."

"त्याला काय कळतंय ते दावते थांब." तिने मागे वळून एका म्हाताऱ्या बाईला हाक मारली. ती विधवा होती. हातात बांगडी नाही, गळ्यात मणी नाही, पायात काही नाही. "जा गं, घाल हात."

म्हातारीने घाबरत घाबरत कॉइलजवळ रिकामा हात नेला. घंटी खणखणली.

आक्का म्हणाली, "सांग आता. हिच्या अंगावर काय हाय? हिचं काय काढू?"

साऱ्या बायका हसायला लागल्या. मालकसुद्धा हसला. मी संतापाने लाल झालो, घंटीची तार उपटली आणि बाहेर जाऊन बाभळीखाली बसलो. राग उतरायला एक बिडी पुरली नाही, तीन लागल्या. तिसऱ्या बिडीला मला रेडिओ आठवला. उघड्या रेडिओच्या कॉइलजवळ स्क्रू ड्रायव्हर नेला की स्टेशन सरकते, हे खरे. पण नुसता हात नेला तरी सरकतेच! वीस वर्षे रोज पाहत होतो. लोखंडाचे लक्षात ठेवले आणि हाताचे विसरलो.

त्याचे कारण असे. कॉइलवर विजेचा दाब असतो. तिच्याजवळ हात आणला की तार आणि हात मिळून एक कपॅसिटर तयार होतो, म्हणजे मधे हवा आणि दोन बाजूंना दोन पत्रे असल्यासारखे. हा न बोलावलेला कपॅसिटर कॉइलचा सूर बदलतो. यंत्राला वाटते धातू आला. हातातही पाणी, ओल्या कापसातही पाणी. दोन्हींची करामत सारखीच. आणि आमच्याकडे वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी शिंपडून आणणारे काही कमी नव्हते.

यातूनच एक गंमत झाली. तार परत जोडल्यावर ओला कापूस आला की घंटी वाजू लागली. दोन दिवसांत गावोगाव बातमी पोचली की फाट्याच्या जिनिंगवर ओला कापूस पकडणारे यंत्र आले आहे. आठवडाभर गाड्याच्या गाड्या खडखडीत कोरडा कापूस घेऊन आल्या. मालक खूश. मला बाजूला घेऊन म्हणाला, "रेडिओवाले, असंच ऱ्हाऊ द्या की. लोखंडाचं बगू मागून."

"आन् आग लागली तर?"

"विझवू."

"हात भाजला त्या बाईला विचारा, विझवायला किती वेळ लागला ते." मी त्याला बरेच काही बोललो. सगळे इथे लिहिण्यासारखे नाही.

उपाय मला जुन्या रेडिओंतच सापडला. त्यांच्यातल्या नाजूक कॉइलींवर पत्र्याची टोपी असते आणि ती टोपी अर्थिंगच्या तारेला जोडलेली असते. बाहेरच्या हाताचा परिणाम टोपीवरच अडतो, आतल्या कॉइलपर्यंत पोचत नाही. मी घरी कॉइलच्या नमुन्यावर तांब्याचा पातळ पत्रा सगळीकडून गुंडाळला, अर्थिंगची तार जोडली. हात नेला, घंटी गप्प. नाचायचेच बाकी होते. मग खिळा सोडला. तरीही गप्प. अडकित्ता सोडला. गप्प. यंत्र ठार बहिरे झाले होते.

दोन दिवस मी धड जेवलो नाही. शेवटी बायकोने देवघरातले तांब्याचे कडे आणून माझ्यापुढे आपटले आणि म्हणाली, "हे तरी वाजवा, म्हंजे जेवाल." ते कडे मी उघड्या कॉइलमध्ये धरले. घंटी जोरात वाजली. सहज सुचले म्हणून करवतीने कडे एका जागी कापले आणि पुन्हा धरले. घंटी वाजली नाही! बायकोने कड्यासाठी आरडाओरडा केला, पण मला उत्तर मिळाले होते. अख्ख्या कड्यात वीज गोल गोल फिरू शकते, कापलेल्यात फिरायला वाट नसते. माझा पत्रा म्हणजे कॉइलभोवतीचे एक मोठे अख्खे कडेच होते. कॉइलचा सगळा जोर तोच खात होता, खिळ्यासाठी काही उरतच नव्हते. पत्रा हवा, पण त्यात एका जागी आरपार फट हवी. फट असली की वीज गोल फिरत नाही आणि चुंबकी जोर आत पोचतो. हाताचा आणि ओलीचा त्रास मात्र पत्रा अडवतो.

मोठा पत्रा बसवायला मी परभणीहून एका पत्रेवाल्या चाचांना बरोबर नेले. साठीचे गृहस्थ, हात असा साफ की त्यांनी कथलाचा डाग देऊन सांधलेल्या घागरीत जोड कुठे ते सापडू नये. त्यांना मी बोट धरून दाखवले, "इथं एवढी जागा मोकळी सोडायची." ते "हाँ, हाँ" म्हणाले. पत्रा बसला. मी मालकाबरोबर चहाला गेलो, परत आलो, सगळ्या बायका जमल्या, मी खिळा सोडला.

घंटी वाजली नाही.

दुसरा खिळा, मोठा नट, शेवटी चाचांचा हातोडा. काही नाही. मालकाने मोठ्याने विचारले, "काय हो, आता हे झोपलं का?" मी गुडघ्यावर बसून पत्रा न्याहाळला आणि मला फटच दिसेना. फटीच्या जागी गुळगुळीत चकचकीत डाग होता.

"चाचा, इथली फट कुठं गेली?"

चाचा मान डोलावत म्हणाले, "अरे बाबू, वो तो मैंने भर दी. इत्ती बड़ी दराड़ छोड़ के तुम चाय पीने गये. कल को कोई देखता तो क्या बोलता, इस बुड्ढे को जोड़ लगाना नहीं आता?"

"मीच सांगितलं होतं ना मोकळी सोडा म्हणून!"

"मैं समझा तुम्हारे पास पैसे कम पड़ गये. भर दी, उसका कुछ नहीं लूँगा."

चाळीस वर्षे जोड बंद करण्यात गेलेल्या माणसाला उघडा जोड सोडवेना, यात त्याचा काय दोष? पण तेव्हा माझा पारा चढलेला होता. मी कानस घेऊन तो डाग घासू लागलो तसे चाचा तोंड फिरवून उभे राहिले, जणू मी त्यांच्या घरावर कुदळ चालवत होतो. फट मोकळी झाली. खिळा सोडला. घंटी अशी वाजली की बाहेर गाडीचे बैल दचकले. मग आक्काने पाटल्यांचे दोन्ही हात पत्र्यावर पसरून ठेवले, जोडव्यांचा पाय घसरगुंडीला लावला आणि माझ्याकडे पाहत राहिली. घंटी गप्प. पत्र्याच्या बाहेर, घसरगुंडीच्या अंगाला, जोर इतका कमी होता की तिची चांदी त्याला पुरेशी नव्हती.

"आता काढू का रे जोडवी?" ती म्हणाली.

"नका काढू आक्का. हात जोडतो."

"पाटीवर माजं बी नाव टाक मग."

मी हसलो. तेव्हा हसण्यावारी नेले, पण तिचे म्हणणे खरे होते. हाताची भानगड तिने दाखवली नसती तर मी अजून चांदीच्या मागे असतो. हे मी आता कोणापुढेही सांगायला तयार आहे.

एक त्रास अजून उरला होता, आणि तो सापडला योगायोगाने. विद्यापीठाच्या नामांतराचे आंदोलन पेटले, एसटी बंद झाली आणि मी तीन दिवस जिनिंगवरच अडकलो. करायला काही नव्हते म्हणून यंत्राकडे पाहत बसलो. थंडीचे दिवस. सकाळी दवाने सगळे लाकूड ओलसर होई आणि सूर हळूहळू सरके. ऊन चढले की हळूहळू परत येई. लोखंड मात्र झपकन येते आणि झपकन जाते. मी मधे एक असा कपॅसिटर टाकला की हळू बदल पलीकडे जाऊच नये, झटका बसला तरच पुढे जावा. ज्या कपॅसिटरने मला छळले त्याच्याच भावाला मी चाकरीला ठेवले. शिवाय कॉइलला एक मोठा कपॅसिटर आधीच जोडून टाकला. भरल्या रांजणात वाटीभर पाणी पडले तर कळत नाही, तसे बाहेरून कितीही ओल आली तरी त्या मोठ्यापुढे तिचे काही चालेना.

हंगामाचा उरलेला काळ म्हणजे माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ. दर पंधरवड्याला मी फाट्यावर जायचो आणि घंटीने पकडलेल्या वस्तूंचा डबा पाहायचो. खिळे आणि नाल तर होतेच. शिवाय बैलाचे घुंगरू, किल्लीसकट कुलूप, अर्धा वस्तरा, सायकलचे पेडल. एकदा पितळी चुन्याची डबी निघाली. आक्काने ती ओळखली. ती चोरल्याचा आळ तिने आठ दिवस शेजारच्या बाईवर घेतला होता.

"घ्या," ती बाई म्हणाली, "यंत्रानं सोडवलं मला. आता माफी माग."

"यंत्राला मागते की," आक्का म्हणाली आणि खरोखर घसरगुंडीला नमस्कार करून कामाला लागली.

आखिती आली. हंगामात एकदाही जिनिंग पेटले नाही. ओला कापूस आला, दव पडले, बायकांचे हात लागले, घंटी खोटी वाजली ती बोटावर मोजण्याइतकी. मालकाने सगळे पाहिले, मान डोलावली आणि म्हणाला, "पाटी करायला टाकली बरं का. लावायच्या दिवशी बोलावणं धाडतो."

बोलावणे आले ते धोंड्याच्या महिन्यात. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. मी नवा सदरा शिवला. बायकोलाही घेतले. पिंगळीहून वडिलांना आणले. म्हातारा रुमाल बांधून, काठी टेकत आला, आयुष्यात पहिल्यांदा पोराचे नाव पितळेवर पाहायला. नारळ आणि हार मी माझ्याच पैशाने घेतला.

जिनिंगच्या दारात मांडव होता. मालकाचे जावई पुण्याहून आले होते, डिप्लोमा झालेले, कुठल्याशा कारखान्यात नोकरीला. पुरणाचे धोंडे तळल्याचा वास येत होता. मालकाने पाटीवरचा कपडा ओढला. पाटी सुरेख होती. अक्षरे खोल कोरलेली, दारातल्या गाडीवानाला सहज वाचता येतील अशी. वर "लोहशोधक यंत्र" आणि खाली जावयाचे नाव, त्यापुढे डिप्लोमा.

वडिलांना वाचता येत नव्हते. ते माझा दंड धरून म्हणाले, "झाक हाय रे. लय झाक."

मी मालकाला विचारले, "हे काय?"

"अहो, धोंड्याचा म्हयना. जावयाला वाण द्यावं लागतंय."

"मग अनारसे द्या. तेहतीस द्यायचे असतात ना? तेहतीस अनारसे आन् चौतिसावं माझं डोकं?"

"रागावू नका हो. तुमाला पैसे पोचले. आता नाव म्हंजे काय, घरातलं घरात ऱ्हायलं. पुढच्या यंत्रावर तुमचं टाकू."

मी जावयांकडे वळलो. ते बिचारे हातात ताट घेऊन उभे होते. "साहेब, यंत्र तुमचं हाय तर एक सांगा. या पत्र्यात ही फट कशासाठी?"

जावयांनी वाकून पाहिले. सासऱ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "व्हेंटिलेशनसाठी. आत हवा खेळती राहावी म्हणून."

आक्का इतकी मोठ्याने हसली की तिच्यामागे सगळ्या बायका हसल्या, आणि पत्रेवाले चाचा, जे आमंत्रणावरून आले होते, तोंडावर रुमाल धरून खाली बसले.

माझ्या खिशात स्क्रू ड्रायव्हर नेहमी असतो. मी पत्र्याचे दोन स्क्रू काढलेसुद्धा. माझे यंत्र मी घेऊन जाणार होतो आणि मालकाने कारखान्यातल्या डिप्लोम्याकडून दुसरे करून घ्यावे. आक्का मधे आली. तिचा आवाज खाली आला होता.

"काढू नगंस. दिवाळीला आमालाच टोपल्या टाकायच्यात हितं. त्येच्या नावासाठी आमचे हात जाळू नगंस."

मी उभा राहिलो. मग दोन्ही स्क्रू परत लावले आणि चांगले आवळले. हार मात्र मी घसरगुंडीला घातला, पाटीला नाही. धोंडे न खाता आम्ही निघालो. वडिलांना खरे काय ते परभणीच्या स्टेशनवर सांगितले. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला आणि विचारले, "रुमालाखाली का न्हाई ठरवलंस पाटीचं?" मी म्हणालो, "बोटांनी नाव कसं सांगणार, बाबा?" तेव्हा तेही हसले आणि मलाही हसू आले.

पुढे माझे चांगले चालले. टोपल्या वाहणाऱ्या बायका हंगामाप्रमाणे जिनिंग बदलतात. त्यांनीच माझे नाव जिल्हाभर नेले. मी नऊ यंत्रे केली आणि नऊही ठिकाणी पाटी मी स्वतः, पैसे हातात घ्यायच्या आधी, माझ्या हाताने ठोकली. तिसऱ्या यंत्राच्या पाटीवर आक्काचेही नाव आहे. ती तिथे कामाला होती. तिने नाव बोटाने चाचपले आणि म्हणाली, "बारीक काढलंस."

पण नवव्या जिनिंगचा मालक माझे यंत्र पाहून काय म्हणाला? "असलंच फाट्यावर हाय. पुण्याच्या इंजिनिअरनं केल्यालं. त्येचं बगून केलंत का?" त्या दिवशी मी त्याच्या ओसरीवर जे बोललो, त्याची त्या गावात अजून आठवण काढतात म्हणे.

फाट्याचा तो मालक अजून आहे. जिनिंग आता पोराकडे आहे, तो स्वतः सकाळी ओसरीवर बसतो. जावईही मोठ्या हुद्द्यावर गेले म्हणतात, त्यांच्याशी माझे भांडण नाही; त्यांच्या हातात ताट दिले तसे त्यांनी घेतले. मला विचारायचे आहे ते मालकाला. मालक, नरसिंहाची आण तुम्ही घेतली होती, मी घेतली नव्हती. हंगामभर जिनिंग पेटले नाही, हे तुमच्या डोळ्यांनी पाहिले. आक्का अजून आहे, चाचा आहेत, त्या बायकांतल्याही बऱ्याच जणी आहेत. म्हणाल त्या दिवशी सगळ्यांना घेऊन मी तुमच्या ओसरीवर येतो. त्यांच्यासमोर एकदा सांगा, पाटी कोणाची ठरली होती? धोंड्याच्या महिन्यात माणूस जावयाला आपल्या घरचे देतो. तुम्ही माझे कोणाला विचारून दिलेत? उत्तर द्या.